वाकलेल्या पाठीचे म्हणणे

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपले होते आणि कंपाउंडर बाहेरचा दिवा मालवण्याच्या बेतात होता. तेवढ्यात चार मुले आत आली, दोन मुलगे आणि दोन मुली. चौघेही धडधाकट दिसत होते. मी विचारले, "काय होतंय?" त्यांच्यातली धीट मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला काही होत नाही. आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टसाठी डॉक्टरांचं मार्गदर्शन हवंय."

तिने पिशवीतून एक पट्टा काढून टेबलावर ठेवला. कमरेला बांधायचा, वेल्क्रो लावलेला, मागच्या बाजूला काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी. तिच्यातून एक वायर निघून वर मानेखाली चिकटवायच्या दुसऱ्या छोट्या डबीकडे जात होती. माणूस वाकून बसला की पट्टा थरथरून त्याला सावध करणार आणि दिवसभरात किती पावले चालला तेही मोजणार. सगळा खर्च दीड हजार रुपयांच्या आत.

मुलांची हौस पाहून मी हो म्हटले, पण दोन अटी घातल्या. ज्यांच्यावर पट्टा वापरून पाहाल त्यांना आधी सगळे नीट समजावून सांगा आणि त्यांची लेखी संमती घ्या. दुसरी अट, पट्टा अंगावर असताना चार्जिंग करायचे नाही. डबीत लिथियमची बॅटरी असते. ती सुरक्षा सर्किटाशिवाय वापरू नये आणि घाम तिच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. मुलांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

पुढचे चार महिने हे प्रकरण माझ्या दवाखान्यात चालले. त्यात मी मुलांना थोडे शिकवले आणि मुलांनी मला बरेच शिकवले. माझी एक चूकही त्यातून उघडी पडली. वाचकहो, ती गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो. अशी यंत्रे आता मनगटी घड्याळाच्या रूपाने घरोघरी आली आहेत, तेव्हा ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे आपल्याला माहीत असलेले बरे.

पट्ट्याला वाकणे कळते कसे?

मला पहिला प्रश्न हाच पडला होता. डबीला डोळे नाहीत, मग माणूस वाकला हे तिला कसे कळणार? मुलांनी सांगितले ते सोप्या भाषेत असे. डबीत नखाएवढी एक चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. पृथ्वी आपल्या सगळ्यांना खाली ओढते, तशी त्या तुकड्यालाही ओढते. चिप सरळ उभी असेल तर ही सगळी ओढ खालच्या बाजूला असते आणि पुढच्या बाजूला शून्य. चिप ३० अंश पुढे कलली की एकूण ओढीच्या निम्मी पुढच्या बाजूला दिसू लागते. या प्रमाणावरून चिप किती कलली ते काढता येते. याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात.

पण एक अडचण आहे. माणूस हलला, उठला, खोकला की या तुकड्याला हिसके बसतात आणि आकडा क्षणभर चुकतो. म्हणून त्याच चिपमध्ये दुसरे यंत्र असते, जायरोस्कोप. ते वळण्याचा वेग मोजते आणि हिसक्यांनी फारसे गोंधळत नाही. मात्र त्याची बारीकशी चूक साठत जाते. रोज अर्धा मिनिट पुढे जाणारे भिंतीवरचे घड्याळ जसे महिन्याने पंधरा मिनिटे पुढे गेलेले असते, तसे. मुलांनी दोघांची सांगड घातली होती. क्षणाक्षणाचा हिशेब जायरोस्कोपचा, ९८ भाग, आणि तो वाहवत जाऊ नये म्हणून ॲक्सेलरोमीटरचा आधार, २ भाग. घड्याळ रेडिओच्या वेळेशी रोज थोडे जुळवून घ्यावे, तसेच हे.

डब्या दोन का, हेही मी विचारले. एकच डबी कमरेला लावली तर फक्त कंबर किती कलली ते कळते. पाठीला बाक आला की नाही ते कळायला वरच्या आणि खालच्या डबीच्या कलात किती फरक आहे हे पाहावे लागते. यातही मर्यादा आहेच. एका मुलाने पट्टा बांधून तासभर मोबाइल पाहिला. पाठ सरळ, मान पार खाली आणि पट्टा गप्प! वरची डबी मानेच्या तळाशी होती. मानेचे वाकणे तिला कळणारच नव्हते.

मानेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डोक्याचे वजन सुमारे पाच किलो असते. २०१४ साली अमेरिकेतल्या एका शल्यविशारदाने गणिती प्रतिकृतीवरून हिशेब मांडला की मान ६० अंश खाली घातली तर मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो. हा आकडा खूप गाजला. तो जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला नाही, गणिताने काढलेला आहे हे लक्षात ठेवावे. तरी त्यातला मुद्दा खोटा नाही. काठीच्या टोकाला बांधलेले गाठोडे काठी उभी धरली तर हलके लागते आणि आडवी धरली तर मनगट दुखवते.

पावले मोजण्याची गंमत

पावले मोजायचे काम वरकरणी सोपे. टाच जमिनीला टेकली की कमरेला बारीक धक्का बसतो. पट्टा सेकंदाला ५० नोंदी घेत होता. साधारण चालीत माणूस मिनिटाला १०० ते १२० पावले टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. नोंदींचा आलेख काढला की लाटा दिसतात. एक लाट म्हणजे एक पाऊल. दोन लाटांमध्ये पाव सेकंदापेक्षा कमी अंतर असेल तर दुसरी लाट खोटी समजून सोडून द्यायची.

मैदानावर मुलांनी तोंडाने मोजत १०० पावले टाकली. पट्ट्याने ९७ सांगितली. मुले खूश. मग त्यांच्यातला एकजण पट्टा बांधून एसटीने तालुक्याच्या गावी जाऊन आला. सीटवर बसल्या बसल्या त्याची सहाशे पावले झाली होती! आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांची ही कृपा. यावर मुलांनी तोड काढली. लागोपाठ आठ धक्के एकसारख्या तालात आले तरच चालणे समजायचे. खड्ड्यांना ताल नसतो, त्यामुळे एसटीतली पावले गेली. पण एका मुलीच्या आईने पट्टा दिवसभर घरात वापरला तेव्हा उलटेच घडले. ओट्यापासून मोरीपर्यंत चार पावले, मोरीपासून दारापर्यंत सहा. दिवसभर पायाला उसंत नाही आणि पट्टा म्हणतो, बाई फारशा चालल्याच नाहीत.

म्हणून ज्यांच्या मनगटावर अशी घड्याळे आहेत त्यांना माझे सांगणे असे. आजचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नका. त्याच घड्याळावरचा आपलाच मागच्या आठवड्याचा आकडा पाहा. यंत्राची चूक दोन्हीकडे साधारण सारखीच असते, त्यामुळे वाढले की घटले ते बरोबर कळते. शिवाय पाय ओढत, अगदी सावकाश चालणाऱ्या वृद्धांची पावले बहुतेक यंत्रे कमीच मोजतात. त्यांचे धक्के फार सौम्य असतात.

दहा हजारांचे कोडे

"सर, रोज दहा हजार पावलं हवीत ना?" मुलांनी विचारले. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तो आला कुठून? तो वैद्यकाच्या ग्रंथातून आलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झाले आणि पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव आकर्षक होते, लक्षात राहिले आणि जगभर गेले.

मग खरा आकडा काय? २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे १७ हजार वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटापेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटात त्या काळातले मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या पुढे मात्र फायदा वाढताना दिसला नाही. २०२५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातही रोज ७,००० पावलांच्या आसपास बहुतेक फायदा पदरात पडतो असे दिसले. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची ७,००० पावले म्हणजे साधारण पावणेपाच किलोमीटर.

असे अभ्यास निरीक्षणाचे असतात. जो निरोगी तो जास्त चालतो, असेही त्यात थोडेफार असते. तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. सर्वात मोठा लाभ अगदी कमी चालणारा माणूस थोडे चालू लागतो तेव्हा होतो. दोन हजारांवरून चार हजारांवर येणे हे आठ हजारांवरून दहा हजारांवर जाण्यापेक्षा मोलाचे. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांना तर जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटेसुद्धा उपयोगी पडतात.

विड्या वळणाऱ्या बाईंचा पट्टा

मुलांनी दुसरी चाचणी एका विडी कामगार बाईंवर घेतली. सोलापूर भागातल्या वाचकांना हे काम सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कातरलेली पाने, आणि हजार विड्या होईपर्यंत मान वर नाही. पाठ आणि मान दुखते म्हणून या बाई अधूनमधून माझ्याकडेही येतात.

पट्टा बांधून त्या कामाला बसल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच पट्टा थरथरू लागला. त्या सरळ झाल्या, विडी वळायला पुन्हा वाकल्या, पुन्हा थरथर. दुपारपर्यंत त्यांनी पट्टा सोडून मुलांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाळांनो, हा मला वाकू नको म्हणतो. मग विड्या कोण वळणार?"

मुले हिरमुसली, पण बाईंचे म्हणणे अगदी बरोबर होते. हजार विड्यांमागे मजुरी मिळते. काम मांडीवर असेल तर मान खाली जाणारच. पट्टा ओरडला म्हणून सूप वर येत नाही. मी मुलांना म्हटले, "अरे, पेशंटला टोकण्याआधी त्याची जागा बघा." दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. पाठीला भिंत आणि तिच्यात उशी, बुडाखाली चार बोटे उंचीचा पाट आणि मांडीवर जाड घडी घालून तिच्यावर सूप. एवढ्यानेच सूप वीतभर वर आले. शिवाय पट्ट्याचा प्रोग्राम बदलला. वाकल्यावर वाजायचे नाही, एकाच स्थितीत अर्धा तास झाला की एकदा वाजायचे. तेव्हा बाईंनी उठून दारापर्यंत जायचे, खांदे फिरवायचे, पाणी प्यायचे आणि परत यायचे. हा पट्टा त्यांनी आनंदाने वापरला. दुखणे पळून गेले असे मी म्हणणार नाही, पण रात्री शेकायची गरज कमी झाली असे त्या स्वतः सांगत होत्या.

सांगायचा मुद्दा असा की बसण्याची एकच आदर्श पद्धत असते, ही समजूत आता मागे पडत आहे. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये नाखेमसन या अस्थितज्ज्ञांनी माणसाच्या कमरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर तो उभे असण्यापेक्षा जास्त भरला. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म येथे एका ४५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत सूक्ष्म सेन्सर बसवून पुन्हा मोजले, तर सैल बसल्यावर दाब उभे असण्यापेक्षा कमीच निघाला. मात्र त्याच प्रयोगात पाठ गोल करून २० किलोचे ओझे उचलले तेव्हा दाब उभ्या स्थितीच्या साडेचार पटींवर गेला. गुडघे वाकवून, ओझे अंगाशी धरून उचलले तेव्हा तो साडेतीन पटींच्या आत राहिला. म्हणजे थोडे सैल बसले म्हणून घाबरू नये, पण सिलिंडर, पाण्याची घागर किंवा सिमेंटचे पोते उचलताना जरूर घाबरावे!

आजोबांची गोष्ट आणि माझी चूक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. प्रोजेक्टमधल्या एका मुलाचे आजोबा माझे जुने पेशंट. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, वय ७१. उभा जन्म सायकलवर गेला. दोन वर्षांपूर्वी ते "पाय भरून येतात, चालवत नाही" म्हणून माझ्याकडे आले होते. कमरेतून पुढे वाकून चालत होते. मी गुडघे पाहिले. थोडी झीज होती. म्हटले, "आजोबा, वय झालं. पाठ सोडून देऊ नका, ताठ चालायची सवय करा." आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. रांग मोठी होती. मी पुढच्या पेशंटला बोलावले.

नातवाने आजोबांना पट्टा बांधला. पहिल्यांदा पट्ट्यात पाठीचा शून्य बिंदू भरावा लागतो. त्यासाठी टाचा, पाठ आणि डोके भिंतीला लावून उभे राहायचे. आजोबा दोन मिनिटांतच म्हणाले, "पाय बधिर झाले रे," आणि खुर्चीवर बसले. मुलाने ते मनावर घेतले नाही. आठवडाभर पट्टा आजोबांना थरथरून टोकत राहिला आणि नातू तोंडाने, "आजोबा, ताठ!"

आठवड्याने तो मुलगा एकटाच दवाखान्यात आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, पट्टा बांधल्यापासून आजोबा आधीपेक्षा कमी चालतात." त्याने दोन आलेख पुढे ठेवले. पट्टा सावध करायचा बंद ठेवलेल्या दिवशी आजोबा आपल्या चालीने, वाकून चालले होते. सुमारे २३० पावले, मग तीन-चार मिनिटे बसणे, पुन्हा २३० च्या आसपास, पुन्हा बसणे. दुसऱ्या दिवशी ताठ चालायचा प्रयत्न होता. तेव्हा ९० पावलांतच थांबावे लागले होते. पट्टा सावकाश चालणाऱ्यांची पावले कमी मोजतो म्हणून मुलाने शेजारून चालत तोंडानेही मोजली होती. तीच गत.

मी आलेखाकडे पाहत राहिलो. मग विचारले, "आजोबा शेतावर कसे जातात?" तो म्हणाला, "सायकलवर. सहा किलोमीटर जातात. काही त्रास नाही म्हणतात."

वाचकहो, चालताना शंभर-दोनशे पावलांत पाय भरून येणारा माणूस सहा किलोमीटर सायकल सहज मारतो, याचा अर्थ काय? सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो! मी आजोबांना दुसऱ्याच दिवशी बोलावले. पावलांवरच्या आणि घोट्यामागच्या नाड्या चांगल्या लागत होत्या, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्याची शक्यता कमी झाली. त्यांना उभे करून अर्धा मिनिट पाठ मागे झुकवायला सांगितली. लगेच मांड्या आणि पोटऱ्यांत मुंग्या आल्या. पुढे वाकवले, मुंग्या ओसरल्या. पुढे एमआरआय आणि मणक्याच्या तज्ज्ञांची तपासणी झाली आणि निदान पक्के झाले: 'लंबर कॅनॉल स्टेनोसिस', म्हणजे कमरेच्या मणक्यांतली नसांची वाट अरुंद होणे.

पन्नाशी-साठीनंतर मणक्यांमधल्या चकत्या फुगून मागे सरकतात, मागचे अस्थिबंध जाड होतात, सांध्यांवर हाड वाढते. त्या नळीतून पायांकडे जाणाऱ्या नसा चिमटीत सापडतात. पाठ ताठ केली किंवा मागे झुकवली की ही नळी आणखी अरुंद होते. पुढे वाकले की ती जराशी मोकळी होते. आजोबांची पाठ आळसाने वाकली नव्हती. नसांना जागा करून देण्यासाठी शरीराने शोधलेली ती वाट होती. ती वाट दोन वर्षांपूर्वी मी 'ताठ चाला' म्हणून बंद करायला निघालो होतो आणि आता पट्टाही तेच करत होता. मी आजोबांना स्पष्ट सांगितले, "माझं चुकलं. तेव्हाच विचारायला हवं होतं." आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी तरी सायकलचं कुठं सांगितलं होतं?" त्यांचा मोठेपणा. पण विचारण्याचे काम माझे होते.

आज आजोबा फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करतात. उताणे झोपून गुडघे छातीशी घेणे, पोटाचे स्नायू बळकट करणे, असे. चालताना काठी घेतात. सायकल सुरू आहे. तीन महिन्यांनी ते एका दमात चारशेच्या आसपास पावले जातात, कट्ट्यावर बसतात आणि पुन्हा निघतात. शस्त्रक्रियेची गरज तूर्त पडलेली नाही. पुढे पडणारच नाही असे सांगता येत नाही. त्रास वाढून चालणेच खुंटले तर शस्त्रक्रियेने नळी मोकळी करावी लागते आणि योग्य रुग्णाला तिचा चांगला उपयोग होतो.

पाय भरून येण्याची दोन कारणे

चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागते अशी तक्रार आपल्याकडे 'वात आहे' म्हणून सोडून दिली जाते. त्यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

नस दबली असेल तर दुखणे कंबर, कुल्ले आणि मांड्यांतून खाली उतरते, मुंग्या येतात, नुसते उभे राहून बरे वाटत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. सायकल चालते. चढापेक्षा उतार जड जातो, कारण उतारावर पाठ मागे झुकते.

रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर पोटरीत गोळा आल्यासारखे दुखते, नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत थांबते, चढावर जास्त होते आणि सायकलवरही होते. पाय थंड पडतात, जखमा लवकर भरत नाहीत. तंबाखू, विडी-सिगारेट आणि मधुमेह असणाऱ्यांनी याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. कधी कधी दोन्ही विकार एकाच माणसात असतात. म्हणून घरी निदान करू नका, मात्र ही निरीक्षणे डॉक्टरांना जरूर सांगा.

एक तातडीची सूचना. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, पडल्यानंतर वृद्धांना सुरू झालेली पाठदुखी, यांचीही लवकर तपासणी हवी. यातले काहीही पट्टा बांधून बरे होणारे नाही.

आपण काय करावे?

१. कोणत्याही एका स्थितीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. दुकानदार, शिंपी, कारकून, विद्यार्थी, सगळ्यांना हे लागू आहे. यंत्र नसेल तर मोबाइलचा गजर लावा.

२. आधी जागा सुधारा. टेबल, पाट, उशी, शिलाई मशीनच्या स्टुलाची उंची पाहा. वस्तू वर आणणे हे मान सतत वर ठेवण्यापेक्षा सोपे असते.

३. ओझे उचलताना गुडघे वाकवा, ओझे अंगाशी धरा, उचलता उचलता कंबर पिळू नका.

४. चालणे हळूहळू वाढवा. आठवडाभर आपला आकडा नुसता लिहून ठेवा, मग त्यात रोज पाचशे पावलांची भर घाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. मिनिटाला साधारण १०० पावले हा मध्यम श्रमाचा वेग समजावा. छातीत दुखणे, दम लागणे असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

५. घरातले कोणी वाकून चालत असेल तर त्यांना ताठ करण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती पावलांनी थांबावे लागते? बसल्यावर बरे वाटते की नुसते उभे राहिल्यावर? सायकल चालवताना त्रास होतो का? उत्तरे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. दोन ओळींचा तो कागद निदानाला मोठा हातभार लावतो.

राहता राहिला मुलांचा प्रोजेक्ट. सादर करायला तीन आठवडे उरले असताना त्यांनी प्रोग्रामचा मोठा भाग मोडून पुन्हा लिहिला. चालताना वाकण्याबद्दलचा इशारा काढून टाकला. त्याऐवजी माणूस किती पावलांनी थांबला आणि किती वेळ बसला याची नोंद घातली. बॅटरीही दिवसभर पुरू लागली, कारण सतत वायरलेसने माहिती पाठवण्याऐवजी ती साठवून रात्री एकदाच पाठवायची सोय केली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "माणूस वाकला तरी तुमचा पट्टा वाजत कसा नाही?" ती धीट मुलगी म्हणाली, "सर, चालणाऱ्याला आम्ही टोकत नाही. तो का वाकला ते डॉक्टरांनी शोधावं, म्हणून लिहून ठेवतो."

गुण चांगले मिळाले. पेढे घेऊन चौघे आले तेव्हा आजोबाही बरोबर होते, काठी टेकत, थोडे वाकूनच. बाहेरच्या बाकावर दोन मिनिटे बसले आणि मग आत आले. या वेळी मी त्यांना ताठ चाला म्हटले नाही. आणि हो, त्या दिवसापासून पाय दुखतात म्हणणाऱ्या प्रत्येक वृद्ध पेशंटला मी विचारतो, "सायकल चालवता का?"